सील केलेलं बटण

दुर्बीण सर पर्यवेक्षक म्हणून वर्गात शिरले, की अभ्यास करून आलेल्या मुलांनाही आपण काहीतरी चोरलंय असं वाटायला लागायचं. तीस वर्षांत त्यांनी बुटातल्या, बाहीतल्या, एकदा तर डबा उघडून पोळीच्या घडीतल्या चिठ्ठ्या पकडल्या होत्या. 'दुर्बीण' हे नाव मुलांनीच ठेवलेलं, आणि सर ते पदवीसारखं मिरवत. त्यामुळे नातीच्या इलेक्ट्रिक गिटारमधून पत्र्याचं कपाट फरशीवरून ओढल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, "शनिवारपर्यंत आवाज सुधारून देतो. माझ्यावर सोडा."

नात बारा वर्षांची. जन्मल्यापासून जी रडायला लागली ती थांबेचना, म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं. शनिवारी शाळेतल्या संगीताच्या बाई वाद्यवृंदासाठी एकच गिटार निवडणार होत्या, आणि निवड झाली नाही तर गिटार माळ्यावर, असं टिटवीने सांगून टाकलं होतं. ती बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी होती. चित्रकला, बुद्धिबळ आणि पोहणं आधीच माळ्यावर गेलेलं होतं. पोहणंही माळ्यावर टाकता येतं, हे सरांना तिच्यामुळेच कळलं. पण गिटारवर तिचा जीव होता. बोटांच्या टोकांना घट्टे पडले तरी ती तक्रार करत नव्हती, हे सरांनी पाहिलं होतं. ही गिटार माळ्यावर जाता कामा नये, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं.

सोमवारी ते गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा खोक्याएवढा अँप रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने एकदाच तार छेडली आणि सांगितलं की गिटारला धाड भरलेली नाही, अँपचा गेन तेवढा दहावर आहे. आवाज किती मोठा हे व्हॉल्यूमचं बटण ठरवतं आणि किती फाटका हे गेनचं. मग त्याने गंजलेल्या तारा बदलून दिल्या, सूर जुळवले आणि बजावलं की गेन तीनवर ठेवा, टोन मध्यावर, आणि अँप कोपऱ्यात जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी त्याची सही मागितली. तो बिचारा गोंधळला, पण त्याने केली.

घरी येऊन सरांनी सगळं वहीबरहुकूम लावलं. टिटवीने तार छेडली, तर धुतलेल्या काचेसारखा आवाज निघाला. सर खूश झाले. टिटवीचा चेहरा मात्र उतरला. दडपण आलं असेल पोरीला, असं त्यांना वाटलं.

मंगळवारी पुन्हा कपाट ओढलं जाऊ लागलं. सरांनी जाऊन पाहिलं, तर गेन दहावर.

आता बटण काही आपण होऊन फिरत नाही. घरात फिरवणारे दोनच. मुलगा एका कंपनीच्या तक्रार विभागात दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून येई. सून दातांची डॉक्टर, ती दिवसभर ड्रिल ऐकून येई. गिटार माळ्यावर जाण्यात दोघांचंही हित होतं. सरांनी बटणांवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि बुधवारी संध्याकाळी ते पडद्यामागे खुर्ची टाकून बसले.

सव्वासहाला मुलगा आला. इकडेतिकडे बघत त्याने सोफ्यावरची उशी उचलली आणि अँपच्या तोंडावर बांधली.

"छान," पडद्यातून आवाज आला. मुलगा असा काही दचकला की जणू आठवीच्या वर्गात जाऊन बसला. उशी आपलीच, हे त्याने कबूल केलं, पण गेन म्हणजे काय हेच आपल्याला ठाऊक नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. सरांनी वहीत लिहिलं: आरोपी क्रमांक एक, अंशतः कबुली.

गुरुवारी सून सापडली. ती दाढ भरताना गालात ठेवतात त्या कापसाच्या गुंडाळ्या एकेक करून तारांखाली सरकवत होती. चिमटासुद्धा दवाखान्यातला होता.

"बाबा, मी फक्त बधिर करत होते," ती म्हणाली. "ते बटण मी नाही फिरवलं. तुमच्या चिरंजीवांना विचारा."

चिरंजीवांनी सुनेकडे बोट दाखवलं. जेवताना दोघं एकमेकांकडे संशयाने बघत होते आणि सर दोघांकडे. टिटवी तेवढी ताटात बघून जेवत होती. एवढ्या भांडणाचं ओझं लेकराच्या डोक्यावर, म्हणून सरांनी तिला जास्तीचा भात वाढला.

मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला लावतात तशी कागदाची पट्टी त्यांनी गेनच्या बटणावर चिकटवली आणि तिच्यावर आडवी सही ठोकली. पट्टी फाडल्याशिवाय बटण हलणं शक्य नव्हतं.

शुक्रवारी टिटवी शाळेतून येऊन वाजवायला बसली, आणि कपाट पुन्हा ओढलं गेलं. सर धावत गेले. पट्टी जागेवर होती. सहीही होती. खाली बटण मात्र दहावर.

सरांनी चष्मा पुसून सही पाहिली. अक्षर हुबेहूब त्यांचं होतं. फक्त गेल्या दोन वर्षांपासून त्यांचा हात कापतो, आणि ही रेघ जराही कापलेली नव्हती. मुलाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे, सुनेचं फक्त औषधवाल्याला. असं अक्षर काढणारं घरात एकच माणूस उरत होतं. त्याला पाटीवर हात धरून गिरवायला सरांनीच शिकवलं होतं.

ते स्टुलाशेजारी जमिनीवर बसले.

"रागावणार नाही," ते म्हणाले. "का ते सांग फक्त."

"गेन कमी केला की सगळं ऐकू येतं, आजोबा," टिटवी म्हणाली. "करंगळी चुकते तेसुद्धा. दहावर ठेवला की काय चुकलं ते कुणालाच कळत नाही. मलापण."

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत अडवलं. त्यांनी गेन तीनवर आणला आणि तिला सांगितलं की पूर्ण गाणं राहू दे, चारच सुरांची एक ओळ वाजव, आणि इतक्या हळू, की करंगळीला विचार करायला वेळ मिळेल. तिने वाजवली. चुकली. पुन्हा वाजवली. जेवायची वेळ होईपर्यंत ती ओळ दहापैकी सात वेळा बरोबर येऊ लागली. उशी आणि कापूस मुलगा-सुनेने आपल्याच कानांवर घेतला होता.

शनिवारी सर अँप घेऊन गेले, तीनवर बटण लावून दिलं आणि वर्गाबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. आतून आधीच्या चौघांची चार कपाटं ओढली गेली. मग टिटवीचे सूर आले, स्वच्छ, आणि मधेमधे तितक्याच स्वच्छ चुका. सरांनी बोटांवर अकरा मोजल्या आणि पुढे मोजणं सोडून दिलं.

टिटवी बाहेर आली. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"काय झालं?"

"बाई म्हणाल्या, पाचांमध्ये आवाज सगळ्यात छान माझा. कुणी लावून दिला म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं."

"बरं केलंस. मग घेतलं ना?"

"हो," टिटवी म्हणाली. "तुम्हाला घेतलं. दर शनिवारी येऊन सगळ्यांचे अँप लावून द्यायचे."

"आणि तुला?"

"तुमच्याबरोबर कुणीतरी लागेल ना घरून. तूपण येत जा म्हणाल्या. येताना गिटार आणली तरी चालेल."