सबनीसकाकांची डबी

सबनीसकाकांची सुपारीची डबी मी भर सभेत त्यांच्या हातातून काढून घेतली आणि उघडली. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, हे काही कारण म्हणून सांगत नाही. पद नसतं तरी उघडली असती, इतका मला स्वतःच्या बरोबर असण्याचा भरवसा होता.

काका आमच्या कोथरूडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. मुलगा आणि सून अमेरिकेत, सॉफ्टवेअरमध्ये. त्या वर्षांत आमच्याकडे प्रत्येक मजल्यावरचं कोणी ना कोणी तिकडे होतंच. काकांचं तोंड मात्र सकाळपासून चालू. जबडा गोल फिरे, ओठ पुढे येत, मधेच जीभ डोकावून आत जाई. कोणी बघतंय असं दिसलं की काका ती पितळी डबी टक्कन उघडत, चिमूट तोंडात टाकत आणि टक्कन मिटत. "काय काका, कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमचं चालू आहे."

पण सुपारी कधी कोणाला दिली नाही. जोश्यांनी एकदा हात पुढे केला, तर म्हणाले, "तुमच्या दातांची काळजी वाटते हो." तेव्हापासून काका महाचिकट ठरले. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट जरा बरंच वाटलं असावं.

मग नव्या लिफ्टच्या कोपऱ्यात लाल पिचकारी उमटली आणि मी पाटी लावली : "चघळणाऱ्यांनी जिन्याचा वापर करावा." काकांनी ती चष्मा वर करून वाचली. "सेक्रेटरी, हा गुटखा आहे. सुपारीचा असा रंग होत नाही. अभ्यास वाढवा."

हे मला लागलं. पार्किंगमधल्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तेव्हा समोर काकांचा जबडा फिरतच होता. "पुरावा हातात घेऊनच बसलेत," असं म्हणून मी डबी ओढली आणि उघडून सगळ्यांना दाखवली.

डबी रिकामी होती. सुपारीचा कणही नाही. पितळ आतून लख्ख.

"अहो, म्हणजे हे नुसतंच चघळतात?" जोशी म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना?" सगळे हसले. मीही हसलो. काकांनी डबी परत घेतली, मिटली आणि चहा न घेता गेले. त्यानंतर ते जिन्यानेच जाऊ लागले. पाटीत लिहिलं होतं तसं.

महिन्याभराने त्यांच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला. "बाबांना रोज हॉस्पिटलला न्यायला कोणीतरी हवंय. ते कोणाला सांगू देत नाहीत. तुम्ही सेक्रेटरी आहात, म्हणून विश्वासाने सांगतो." असा विश्वास माझ्या वाट्याला आला.

काकू गेल्यानंतर काकांना आवाज ऐकू यायचे. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले. पण बऱ्याच वर्षांनी त्याच गोळ्यांनी तोंड सुरू झालं, आणि ते थांबेना. डॉक्टरांनी औषध बदललं तरी फरक पडला नाही. आता डोक्याला बाहेरून चुंबकाचे झटके देऊन बघायचे होते. चिरफाड नाही, भूल नाही.

"गॅरंटी देत नाही, प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले.

"गॅरंटी लिफ्टवाल्याने दिली होती," काका म्हणाले.

पहिले काही दिवस गाडीत ते खिडकीबाहेर बघत. मग एकदा म्हणाले, "सून म्हणते, फ्रिजजवळ उभे राहू नका, चिकटाल." मी हसलो. ते हसले नाहीत. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली होती. "वेड्यापेक्षा चिकट बरा, म्हणून डबी घेतली," ते म्हणाले. आणि सिग्नल सुटल्यावर, "त्या आवाजांत एक हिचा होता. गोळीने तोही गेला. तेवढा ठेवता आला असता तर बरं झालं असतं."

मी गिअर बदलला.

बरेच दिवस असे गेले. जबडा थोडा मंदावलाय असं मला वाटे, काकांना वाटत नसे. त्या दिवशी ते खुर्चीत बसले होते, कानांत बोळे, डोक्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं यंत्र. सुतार खिळा ठोकतो तशी टकटक झाली आणि थांबली. मी खाली बघून पुटपुटलो, "काका, माझं चुकलं."

"काय?"

"चुकलं माझं."

त्यांनी कानातल्या बोळ्याकडे बोट केलं. "मोठ्याने. सभेत बोललात तसं."

दार उघडं होतं. बाहेर बाकांवर पेशंट आणि त्यांची माणसं बसली होती. यंत्र चालवणारी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो.

"काका, तुमची डबी मी सगळ्यांसमोर उघडली. मला तो अधिकार नव्हता. मला माफ करा."