पाच पानं जास्तीची

आमच्या गल्लीत बोरसे भाऊंना कोणी 'थोडा चहा घेता का' असं विचारत नाही. विचारलं की ते थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "थोडा म्हणजे किती?" समोरच्याला वाटतं थट्टा चाललीय. थट्टा नसते. त्यांना खरंच आकडा पाहिजे असतो.

एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडं चालत जा. बोरसे भाऊ त्या म्हाताऱ्याचा दंड धरून परत दवाखान्यात गेले. थोडं म्हणजे किती, ते विचारूनच आले. डॉक्टर दोन दिवस धुसफुसत होता म्हणे. तो म्हातारा मीच. आकडा निघाला तीन हजार पावलं. पहिले आठ रविवार भाऊ माझ्या शेजारून मोजत चालले. मध्ये मी कुणाशी बोललो तर म्हणायचे, "बोला तुम्ही, मी आकडा धरलाय."

सरकारी कचेरीत नकाशे काढायची त्यांची नोकरी. नोकरी जळगावला, घर धुळ्याला. शनिवारी दुपारच्या एसटीने यायचे, सोमवारी सकाळी परत. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी आचारी. साक्रीपासून पार मुक्ताईनगरपर्यंत लग्नं, जावळं, तेराव्याची जेवणं केली. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी खावी तर नानाच्या हातची, असं लोक म्हणायचे. शाळा माझी चौथीत सुटली. लिहिणं वाकडंतिकडं होईल, चालवून घ्या.

लोक आणखी एक म्हणायचे. नानाचा अंदाज म्हणजे अंदाज. चारशे माणूस जेवलं तर शेवटच्या माणसालाही गरम बट्टी मिळते आणि पातेल्यात फेकायला काही राहत नाही.

आता लपवून काय करायचं. तो अंदाज माझा नव्हता. सुभद्राचा होता. माझ्या बायकोचा. ती भट्टीच्या मागे पोत्यावर बसायची. मांडवात किती माणूस आहे ते एकदा डोकावून बघायची आणि मला सांगायची, एवढं पीठ, एवढी डाळ. मी परातीत ओतायचो. यजमान येऊन माझी पाठ थोपटायचा आणि ती पोत्यावर बसून कांदे सोलायची. मी कधी म्हणालो नाही की पाठ तिची थोपटा. पस्तीस वर्षं म्हणालो नाही.

मग ती आजारी पडली. पोटात गाठ होती. तीन महिने अंथरुणावर होती. पोटाचा धंदा, मी कामाला जायचो. तेव्हा शनिवार-रविवार बोरसे भाऊ तिच्याजवळ वही घेऊन बसायचे. मला वाटायचं, या माणसाला दुसरं काम नाही.

एका रविवारी दुपारी मी घरी आलो तर हे तिच्या खाटेशी पाटावर बसलेले. पुढ्यात पिठाचा डबा, हातात सोनाराचा असतो तसला छोटा काटा. सुभद्रा मूठ भरून पीठ उचलतेय, पारड्यात टाकतेय. आणि हे विचारताहेत, "अक्का, ही मूठ नेहमीची का आजारपणाची?"

ती म्हणाली, "आजारनी शे भाऊ. नेहमीनी जरा मोठी राहस. थोडी वाढाय ले."

"थोडी म्हणजे किती, अक्का?"

माझं डोकं फिरलं. मी काटा उचलून अंगणात फेकला. म्हणालो, मरणाऱ्या बाईला मोजमाप विचारतोस, लाज वाटत नाही का. भाऊंनी अंगणात जाऊन वजनं गोळा केली. एक सापडत नव्हतं, ते तुळशीखाली वाकून शोधत बसले. सुभद्रा म्हणाली, "येऊ द्या ना त्याले. माले बरं वाटस." मी कुठलं ऐकतो. पण मी कामावर गेलो की ते येतच होते, हे मला नंतर कळलं.

ती गेली. दोन महिन्यांनी साक्रीचं एक लग्न मी घेतलं. पोत्याकडे बघितलं तर पोतं रिकामं. अंदाजाने पीठ घेतलं आणि तिसऱ्या पंगतीला बट्ट्या संपल्या. वऱ्हाडी पत्रावळी समोर घेऊन बसलेले आणि मी परत पीठ मळतोय. यजमान वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला, "नाना, तुमना हात म्हातारा व्हयी गया." पुढच्या लग्नाला घाबरून जास्त धरलं, तर दोन घमेली भरून बट्ट्या गुरांपुढे टाकाव्या लागल्या. लोक दुसरा आचारी बघायला लागले. मी घरात बसून राहायचो. नाव जाणार, हे मला दिसत होतं. आणि ते नाव माझं नव्हतंच, हे माझ्याशिवाय आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस कोण, तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी बोरसे भाऊंनी मला घरी बोलावलं. खोलीत टेबलावर टॉवेल झाकलेलं काहीतरी होतं. टॉवेल काढला तर कॉम्प्युटर. जळगावचा एक क्लास बंद पडला, त्याने काढून टाकलेला यांनी घेतला. त्याच क्लासात हे वर्षभर कॉलेजच्या पोरापोरींच्या मध्ये बसून प्रोग्राम लिहायला शिकले होते. वय बावन्न. पोरं त्यांना आजोबा म्हणायची.

पडद्यावर एक करडी चौकट आली. तिच्यात तीन डब्या: माणसं, बायका, पोरं. खाली एक बटण. बटणावर लिहिलेलं, 'किती?' आणि चौकटीच्या डोक्यावर, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: नानांचा अंदाज.

भाऊंनी ते नाव वाचून दाखवलं आणि माझी छाती फुगली. मी विचारलं, "आकडे कुठले घातले यात?"

"तुमच्याच पंगतींचे," ते म्हणाले. "इतकी वर्षं जेवतोय, मोजणार नाही का?"

मला पटलं. हा माणूस मोजणारच.

"घाला आकडा," ते म्हणाले. मी दोनशे पुरुष, दीडशे बायका, घालायला सांगितलं, पोरांची डबी रिकामीच. त्यांनी एका बोटाने टाइप केलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं: एकूण पानं दोन लाख एकशे पंचावन्न. पीठ किती टन ते खाली लिहिलं होतं.

मी म्हणालो, "भाऊ, अख्खं धुळं जेवायला बसवलं का?"

ते हसले नाहीत. चष्मा वर, बोट पडद्यावर. अर्ध्या तासाने म्हणाले, "सापडलं. त्याने बेरीज केलीच नाही. दोनशेपुढे दीडशे चिकटवले. डबीत लिहिलेला आकडा त्याला आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हा आकडा आहे."

"एवढं त्याला कळत नाही?"

"कोणालाच कळत नाही नाना, सांगितल्याशिवाय."

पुढच्या शनिवारी ते दुरुस्त करून ठेवलं आणि मला म्हणाले, माझ्या पाठीमागे तुम्हीच चालवून बघा. मी बघितलं. उत्तर आलं एक हजार पंचावन्न. साडेतीनशे माणसांचे एक हजार. मी ओरडून सांगितलं, तुमचा डबा वेडा आहे.

भाऊंनी विचारलं, "बटण किती वेळा दाबलं?"

"एकदा."

ते दोन शनिवार चूक शोधत बसले. ओळ न् ओळ कागदावर काढली. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद जमिनीवर पसरून रांगत रांगत तपासला. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "नाना, माझ्यासमोर दाबा." मी दाबलं. दारावरची कडी वाजवावी तसं तीनदा दाबलं. सवय आहे, एकदा दाबून काही होतं असं मला वाटतच नाही. दर दाबण्याला तो आधीच्या बेरजेत आणखी साडेतीनशे घालत होता.

मी खोटं बोललो होतो आणि ते आता पडद्यावर दिसत होतं. मी बोलणी खायची तयारी केली. भाऊ म्हणाले, "चूक माझीच. माणूस तीनदा दाबणारच. दर वेळी पाटी कोरी करायला मी त्याला सांगायला हवं होतं." आणि एक ओळ वाढवली.

मोठ्या चुका गेल्या तेव्हा बारीक चूक उघडी पडली. साडेतीनशे घातले की उत्तर तीनशे पंचावन्न. चाळीस घातले की पंचेचाळीस. दर वेळी पाच जास्त. आधी दोन लाखांच्या गर्दीत ते पाच कोणाला दिसले नव्हते.

मी म्हणालो, "ही एक राहिली."

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग म्हणाले, "ती राहू द्या."

"का म्हणून राहू द्या? बाकी सगळं मोजता ना?"

"पाचच आहेत, नाना."

मी ऐकतो का. मी चौकात चहाच्या टपरीवर जाऊन गोष्ट केली. आमच्या बोरशांच्या कॉम्प्युटरची दर वेळी पाचाची चूक होते, म्हटलं, सरकारी नकाशेही असेच काढत असतील. टपरीवर सगळे हसले. भाऊ तिथेच कपाचे काठ पुसत उभे होते. टपरीवाला म्हणाला, "काय भाऊ, तुमच्याकडून चूक?" ते म्हणाले, "हो. काढतो." आणि त्या आठवड्यात काढून टाकली. साडेतीनशेला साडेतीनशे. मी म्हणालो, आता कसं.

मग धुळ्यातलंच एक लग्न आलं. माणसं, बायका, पोरं नीट विचारून घेतली, भाऊंनी आकडा काढून दिला आणि तेवढंच पीठ मळलं. पंगतीमागून पंगत उठली, बट्टी कमी पडली नाही, वरण उरलं नाही. यजमानाने माझी पाठ थोपटली. "नाना, तो जुना अंदाज परत आला." मी मान हलवली. या वेळेलाही मान हलवली.

तीन वाजता परात पालथी घातली. तेव्हा मागच्या बाजूने माणसं यायला लागली. वाजंत्रीतले दोघं, नवरदेवाच्या जीपचा ड्रायव्हर, भांडी घासणारी सखूबाई. आणि जळगावच्या एसटीतून उतरून थेट आलेले बोरसे भाऊ, हातात पिशवी. धुळ्यातल्या शनिवारच्या दर लग्नाला ते असेच शेवटी यायचे. सुभद्रा पोत्यावरून उठायची आणि झाकलेलं ताट काढायची, ते मी हजारदा बघितलं होतं. ते ताट कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही.

पाच माणसं. आणि परात पालथी.

सखूबाईने पदराला हात पुसले, म्हणाली, "राहू द्या नाना, घरी जाऊन खाईन." वाजंत्रीवाले चहाला गेले. ड्रायव्हर जीपमध्ये जाऊन बसला. भाऊंनी पालथ्या परातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मी डबा खाऊन निघालो होतो." त्यांना डबा द्यायला कोणी नाही. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायला बसलो. जाळायला भाऊंनीच दिलेला जुन्या प्रोग्रामच्या कागदांचा गठ्ठा होता. तो भोकाभोकांचा कागद. इंग्रजी मला वाचता येत नाही. पण ओळीशेजारी पेन्सिलीने मराठी लिहिलं होतं, नकाशावर असतं तसं बारीक, सुबक. मी काडी विझवली आणि वाचत बसलो.

'अक्का, मूठ, आजारपणाची. वाढवून धरली.' 'अक्का: डाळ भिजली की जास्त दिसते, फसू नये.' 'अक्का: पोरगं पूर्ण धरावं. खात नाही, पण सांडतं.' असं ओळीगणिक. काटा फेकला त्याच्या नंतरच्या तारखाही होत्या. आणि एका ओळीशेजारी, दोनदा रेघ मारून: 'अक्का: पाच पानं जास्ती धर. शेवटला माणूस उपाशी जावाले नको. — ही ओळ काढू नये.'

भाऊंना सगळं माहीत होतं. अंदाज कोणाचा ते माहीत होतं, आणि तरी चौकटीच्या डोक्यावर माझं नाव घातलं होतं. टपरीवर एक शब्द बोलले असते तर हसणाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. त्याऐवजी काढू नये ती ओळ काढली आणि स्वतः उपाशी घरी गेले.

रविवार होता. कागद घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. माफी वगैरे मला मागता येत नाही. म्हणालो, "ते पाच परत घाला." त्यांनी कागद बघितला, टॉवेल काढला. पाच परत आले. मग मी म्हणालो, "वरचं नावही बदला."

"काय लिहू?"

"सुभद्राचा अंदाज."

एका बोटाने लिहिलं. वेळ लागला. मधे चष्मा काढून दोनदा पुसला, काच स्वच्छ असताना.

मी म्हणालो, "आता तपासा. दोन माणसं घाला. तुम्ही आणि मी." त्यांनी घातली. बटण मी दाबलं, एकदाच. उत्तर आलं, सात.

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले.

त्यांच्याच ओट्यावर मी परात घेतली आणि पीठ काढायला लागलो. तेव्हा ते मागून म्हणाले, "नाना, आपण दोघंच. थोडं कमी मळा."

"थोडं म्हणजे किती, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी पाणी तापत ठेवलं आणि पायात चपला घालून सखूबाईला बोलवायला गेले.