तावडे भाऊजींची उजवी कूस

कोणी भेटलं की आपण ‘जेवलात का’ विचारतो. आमच्या बोळिंजच्या सोसायटीतले तावडे भाऊजी विचारायचे, “चाललात का?” सर्दी झाली, चाला. सुनेशी वाजलं, चाला. पाण्याचा टँकर आला नाही, तर येईपर्यंत चाला. कोणी कुरकुर केली की ठरलेलं उत्तर, “चालून बघा, मग बोला.”

गोदीतली नोकरी संपल्यावर त्यांनी हा उद्योग आरंभला. रोज संध्याकाळी ते आगाशीच्या रस्त्याला लागत आणि त्यांच्या उजव्या अंगाला नलूवहिनी. वहिनींची नजर काचबिंदूने गेलेली, उजवा हात पूर्वी मोडून अधू झालेला. म्हणून डावा हात भाऊजींच्या बगलेत घालायचा, बोटं बरगड्यांवर टेकवायची आणि त्यांच्या श्वासाच्या अंदाजाने पाऊल टाकायचं. वहिनींना घराबाहेरचं जग ते एवढंच. मूलबाळ नव्हतं.

मी तेव्हा चाळिशीची, बी.एस्सी. झालेली, आणि ते इमारतीत कोणी विसरू नये याची काळजी घेणारी.

एका उन्हाळ्यात भाऊजींच्या त्याच बरगड्यांत आग व्हायला लागली. स्नायू धरलाय म्हणाले, आणि तो सुटावा म्हणून दुप्पट चालले. पुरळ उठलं तरी चालले. फोडांचा पट्टा पाठीकडून छातीकडे सरकला, तेव्हा भाजीवालीने दारातूनच निदान केलं, “नागीन हाय, भाऊ. पानी लावू नको. तोंडाला शेपूट लागली का मानूस गेला.”

मग गेरूचा लेप. आणि मी, विज्ञानाची पदवीधर, रोज सकाळी शिवणाची टेप घेऊन नागिणीच्या तोंडापासून शेपटीपर्यंतचं अंतर मोजायला हजर. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे मी रोज नव्याने ठरवत असे.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, “लहानपणीच्या कांजिण्या नसेत लपून बसतात आणि उतारवयात अशा वर येतात. वेढा वगैरे काही पडत नाही, नागीण एकाच बाजूला राहते. पण काका, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर गोळ्यांचा जास्त उपयोग झाला असता.”

“मी चालत होतो,” भाऊजी म्हणाले.

फोड सुकले, खपल्या पडल्या. मी टेप गुंडाळली आणि पेढे मागितले. पण आग गेली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी खाली उतरताना वहिनींनी सवयीने बगलेत हात घातला आणि भाऊजी असे किंचाळले की वॉचमन धावत आला. त्यांनी तो हात झटकून टाकला होता. वहिनी भिंत चाचपत वर गेल्या.

पुढे भाऊजींना पंख्याचा वारासुद्धा सोसेना. सदरा टेकू नये म्हणून प्लास्टिकची भाजीची टोपली अर्धी कापून ते आत बांधत. जिन्यात पोरं विचारत, “आजोबा, आत कोंबडी आहे का?” भाऊजी हसत नसत. वहिनी तर उतरायच्याच बंद झाल्या. “माझ्या हाताने त्यांना त्रास,” एवढंच म्हणायच्या. दिवसभर पलंगावर बसून पायांना सूज आली. मी मोठ्या मनाने म्हटलं, मी नेते. माझा दंड धरून थरथरत गेटपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तुझी चाल मला समजत नाही गं. घरी ने.”

डॉक्टरांनी भाऊजींना समजावलं. हे नसेचं दुखणं महिनोन् महिने राहतं, कधी वर्षंही. चालून ते जाणार नाही. पण झोप लागेल, मन थाऱ्यावर राहील, हळूहळू चाला.

“एकट्याने चालून बघितलं,” भाऊजी म्हणाले. “जमत नाही.” आणि खुर्चीतून हलेनात.

गणपती झाल्यावर एका संध्याकाळी दोघं अचानक खाली. वहिनींचा हात बगलेत, आणि आत टोपली नाही, सदरा अंगाला चिकटलेला.

“गेलं दुखणं,” भाऊजींनी जाहीर केलं. “ही म्हणाली, हात लावू का. म्हटलं, लाव की.”

“बघा, मी सांगत नव्हते?” मी म्हटलं. काय सांगत होते, देव जाणे.

मी त्यांच्या पुढे निघाले आणि काहीतरी शहाणपणाचं बोलायला मागे वळले. भाऊजींचा खालचा ओठ दातांत रुतला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मानेवरून घाम निथळत होता. श्वाससुद्धा ते सांभाळून घेत होते, वहिनींच्या बोटांना कळू नये म्हणून. आवाज मात्र सरळ. “पुढे खड्डा आहे, नलू. जरा डावीकडे.”

“आज हळू का चालताय?” वहिनींनी विचारलं.

“घाई कुठे आहे?” बोलून झालं की ओठ पुन्हा दातांखाली.

मी पुढे बघून चालत राहिले.

असे ते बरीच वर्षं रोज चालले. एका थंडीत नलूवहिनी गेल्या. महिनाभराने मी डबा घेऊन गेले, तर भाऊजी उघड्या अंगाने खिडकीशी बसलेले. मी विचारलं, “अजून दुखतं का हो?”

“कळणार कसं?” ते म्हणाले. “आता हात कोण लावतंय.”