जिवंत करण्यास पूर्वपरवानगी

१९९८च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या एका सरकारी आरोग्य कार्यालयाने आणीबाणीच्या वेळी रुग्णांचे प्राण वाचविण्याकामी चाळीस कर्मचारी प्रशिक्षित करण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्तुत्यच होता. अट एवढीच की, प्रशिक्षणार्थी कायम सेवेतला असावा. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर सगळे रोजंदारीवर, म्हणून ते आपोआप बाद झाले. निवड झाली ती आवक-जावक कारकून, टंकलेखक, भांडारपाल आणि बागेला पाणी घालणाऱ्या दोन माळ्यांची. भांडारपालाला रक्त पाहिलं की चक्कर यायची, पण त्याची नोकरी कायम होती.

गोरक्ष हा बाद झालेल्यांपैकी एक. विंचूरचा गडी, बारा वर्षं ॲम्ब्युलन्सवर. इगतपुरीच्या घाटापासून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत त्याने किती माणसं उचलली याचा हिशोब नाही, आणि त्यातली काही गाडीतच गेली. ते त्याच्या जिवाला फार लागायचं. "मागं मानूस जातो अन् मी पुढं नुसता भोंगा वाजवीत बसतो," असं तो बायकोला सांगायचा आणि ताटावरून उठायचा.

प्रशिक्षणात त्याला जागा नव्हती, काम मात्र होतं. चाळीस प्रशिक्षणार्थींना रोज चार खेपांत सभागृहात आणायचं आणि परत सोडायचं, तेही ॲम्ब्युलन्समधूनच. त्यामुळे पाच दिवस ॲम्ब्युलन्स आणीबाणीच्या तयारीत गुंतलेली असल्याने आणीबाणीला उपलब्ध नव्हती. त्या काळात शहराने आजारी पडू नये अशी अपेक्षा होती. तसं परिपत्रक काढायचं तेवढं राहून गेलं.

सरावासाठी खास दिल्लीहून एक रबरी पुतळा आला होता. पण तो जडवस्तू नोंदवहीत चढला, आणि एकदा चढल्यावर त्याला हात कोण लावणार? ओरखडा उठला तर जबाबदारी कोणाची? कार्यालयप्रमुख उपेंद्र गायधनी साहेबांनी तो प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात बंद केला आणि प्रशिक्षणार्थींना रांगेने त्याचं दर्शन घडवलं. शिकवायला मुंबईहून आलेल्या डॉक्टर उत्तरा बिचाऱ्या हतबल झाल्या. शेवटी त्यांनी सभागृहातला लोड जमिनीवर ठेवला आणि त्यालाच जिवंत करून दाखवलं.

"तळहात छातीच्या मधोमध, दुसरा त्यावर, कोपर ताठ. आणि जोरात दाबा, घाबरू नका! बरगडी मोडली तर जोडता येते, माणूस जोडता येत नाही."

चाळीस जणांनी हे वहीत उतरवून घेतलं. खिडकीबाहेर उभ्या गोरक्षने ते डोळ्यांत साठवलं आणि दुपारभर स्टेपनीच्या ट्यूबवर दाबून दाबून सराव केला. माळी त्याला हसले. "ट्यूब वाचली का रे?" असंही त्यांनी विचारलं.

पाचव्या दिवशी सर्टिफिकेट वाटप. डॉक्टरबाई दुपारच्या गाडीने परतल्या होत्या. तिसावं नाव पुकारलं गेलं आणि चहाचा ट्रे घेऊन येणारा म्हातारा शिपाई कोंडाजी दारातच धाडकन कोसळला. कपबशा फुटल्या. कोंडाजी हलेना, की श्वास घेईना.

साहेबांनी कार्यक्रमपत्रिका चाळली. "प्रात्यक्षिक कोणी ठेवलं? यात नाही ते."

"साहेब, खरंच पडलाय," टंकलेखक म्हणाला. "भांडारपालांनी पुढे व्हावं. ते सेवाज्येष्ठ आहेत."

"माझं नाव एकतिसावं," भांडारपाल म्हणाला. "अजून सर्टिफिकेट कुठे मिळालंय मला?"

ज्यांना मिळालं होतं ते सर्टिफिकेटला चहा लागू नये म्हणून मागे सरकले. तेवढ्यात गोरक्ष खिडकीतून उडी मारून आत आला, गुडघे टेकले आणि ट्यूब दाबावी तसा दाबत सुटला. कट्कन आवाज झाला तरी थांबला नाही. थोड्या वेळाने कोंडाजीने मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि विचारलं, "कपबशा किती फुटल्या?" गोरक्ष तिथंच फतकल मारून ढसाढसा रडला. बारा वर्षांत पहिल्यांदा माणूस परत आला होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

चौकशी साहेबांनी स्वतः केली. "तुम्ही त्या वेळी मृत होता काय?" त्यांनी कोंडाजीला विचारलं.

"काय म्हाईत साहेब. मी तवा बेसुद व्हतो."

"म्हणजे साक्षीदार म्हणून निरुपयोगी." साहेबांनी निष्कर्ष लिहिला: अप्रशिक्षित व्यक्तीला माणूस जिवंत करता येत नाही. कोंडाजी जिवंत आहे. अर्थात तो मेलाच नव्हता. सबब ड्रायव्हरने एका धडधाकट कर्मचाऱ्याची बरगडी विनाकारण मोडली. धडधाकट कोंडाजीला मोडक्या बरगडीबद्दल दोन महिन्यांची रजा मंजूर झाली.

गोरक्षची नोकरी जाणार हे नक्की होतं. पण नेमकी त्याच आठवड्यात, बारा वर्षं फिरलेली त्याला कायम करण्याची फाईल मुंबईहून मंजूर होऊन आली. फक्त साहेबांची सही बाकी. घरी दोन पोरी. गोरक्षने साहेबांचे पाय धरले.

"तुझ्या पोटावर पाय नाही देणार मी," साहेब विरघळले. "मात्र हमीपत्र दे."

त्याने सही केली. हमीपत्रात लिहिलं होतं: 'यापुढे मी सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणाही इसमास जिवंत करणार नाही. केल्यास मला सेवेतून काढून टाकावे.' सक्षम प्राधिकारी म्हणजे अर्थातच गायधनी साहेब.

एकतीस मेला साहेब निवृत्त होणार होते. चांगलं काम चारचौघांसमोर व्हावं असा त्यांचा आग्रह, म्हणून गोरक्षच्या ऑर्डरवर सही निरोप समारंभात करायचं ठरलं. गळ्यात हार, खांद्यावर शाल. समोर चाळीस प्रशिक्षित. साहेबांनी पेन उघडलं, कागदावर 'उ' काढला, छातीवर हात दाबला आणि खुर्चीसकट खाली आले.

गोरक्ष एका ढांगेत जवळ पोचला. नाडी नाही, श्वास नाही. तळहात छातीच्या मधोमध, दुसरा त्यावर, कोपर ताठ. इतक्यात भांडारपालाने त्याचा खांदा धरला.

"अरे, हमीपत्र! परवानगी कुठाय?"

"आवो, परवानगी देनारेच पडलेत हे! तुम्ही तरी दाबा की!"

"मी? हंगामी कार्यभार अजून कोणाकडेच नाही. तो साहेबांनीच लेखी द्यायचा असतो."

गोरक्षने वर पाहिलं. "कोनी तरी नुसतं 'दाब' म्हना रे! तोंडी म्हना, पन म्हना!"

चाळीस जण एकमेकांची सेवाज्येष्ठता आठवू लागले.

टेबलावर एका अक्षराची सही आहे, खाली साहेब आहेत, आणि साहेबांच्या छातीवर तळहात टेकवून गोरक्ष अजून एका शब्दासाठी थांबलाय. पोरींची आठवण हात मागे ओढते आणि हात काही मागे येत नाहीत. त्या चाळिसांना तुम्ही मघापासून हसताय. हसा. पण तुम्ही ना हमीपत्र दिलंय, ना तुमची बढती अडलीय. 'दाब' म्हणायला तुम्हाला कोणाची परवानगी हवी होती? साहेब पडल्यापासून तुम्ही नुसतं वाचताय.