अकरा डाव आणि एक नाव

जयंतीबाईंना शब्दकोड्यांचा नाद होता आणि त्या दिवशी पेपर आला नव्हता. मुलुंडच्या घरात टेबलावर नवऱ्याची बुद्धिबळाची वही पडली होती, ती त्यांनी उघडली. विद्याधर आणि बोरिवलीचे त्यांचे मित्र अनंतराव फोनवर मेसेज करून डाव खेळत. विद्याधर प्रत्येक खेळी वहीत उतरवत. एका डावात एकाच रकान्यात ओळीने होतं: Na4, Nd2, a3. जयंतीबाईंनी सवयीने आकडे गाळले आणि उरलेली अक्षरं जोडून वाचली. नंदा. पुढच्या डावातही नंदा. त्याच्या पुढच्याही.

विद्याधर मेथीची जुडी घेऊन आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "ही नंदा कोण?"

N म्हणजे घोडा, आणि या खेळ्या आपल्या नाहीत, अनंताच्या आहेत, असं विद्याधरांनी समजावलं. मग स्वतःच वही ओढून पानं उलटू लागले. अनंता घोडा नेऊन कडेला का बसवतो, हे त्यांना कोडंच होतं. म्हातारा भ्रमला, असं धरून ते सलग अकरा डाव जिंकले होते आणि ते साऱ्या सोसायटीला सांगूनही झालं होतं.

जयंतीबाईंची काळजी वेगळीच. अनंतरावांची बायको सुलभा त्यांची जिवाभावाची मैत्रीण. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी पवईला अनंतरावांच्या मुलीला, मधुवंतीला, फोन लावला. सांगायचं इतकंच होतं की बाबांकडे जरा लक्ष ठेव. पण मधुवंतीने नंदाचं आडनाव विचारलं, पत्ता विचारला, आणि दोन्ही माहीत नाही म्हटल्यावर जास्तच घाबरली. तिने बाबांच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली. शेजाऱ्यांना योगवर्गातल्या नंदा कामेरकर आठवल्या. शनिवारपर्यंत बिल्डिंगमध्ये अनंतरावांचं लग्न ठरलं होतं आणि कामेरकरबाईंनी वर्गाला येणं बंद केलं होतं.

रविवारी मधुवंतीसह तिघं बोरिवलीला पोचली. अनंतरावांनी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. साखर ते विसरले होते. मधुवंतीने वही उघडून समोर धरली.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "तुझी आई," ते म्हणाले. "माहेरची नंदा. लग्नात आमच्या आईने मला तांदळात सुलभा लिहायला लावलं. मग माहेरीही सगळे सुलभाच म्हणू लागले, तुला कुठून ठाऊक असणार. तिला ते नाव कधी आवडलं नाही. एकटे असताना तरी नंदा म्हणा, म्हणायची. मी चाळीस वर्षं हो हो केलं, आणि एकदाही म्हटलं नाही. नुसतं वहीत लिहायलाही लाज वाटते गं आता, म्हणून खेळ्यांत लिहितो."

मधुवंतीने वही मिटली आणि ती बाबांजवळ जाऊन बसली. जयंतीबाईंना कुठे बघावं कळेना. कामेरकरबाईंची माफी मागायची होती ती वेगळीच. विद्याधरांनी चाचरत विचारलं, "म्हणजे ते अकरा डाव..."

"हरलो तर हरलो," अनंतराव म्हणाले. "नाव पुरं व्हायला हवं होतं."

परतताना रिक्षात दोघंच होती. जोगेश्वरी मागे पडल्यावर विद्याधर हळूच म्हणाले, "तुझं माहेरचं नाव मंगल होतं ना?"

"मंगल माझी बहीण," जयंतीबाई म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.

पवईचा तलाव आला, संपला. विद्याधर मनातल्या मनात एकेक नाव लावून बघत होते. जयंतीबाई काही सांगत नव्हत्या.