पानं वाढली

त्या रविवारी पानं चौदा वाढली होती की पंधरा, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही. बायको चौदा म्हणते. (ती म्हणते म्हणजे चौदाच असणार, पण मी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस, एकाच साक्षीदारावर विसंबायला मन धजत नाही.)

सुरुवात अगदी किरकोळ होती. बायको घरातूनच एक छोटं वाचनालय चालवते. पुस्तकं चारशे सव्वीस, सभासद बारा आणि यादीची वही एकच. तिची शिवण उसवून छत्तीसच्या छत्तीस पानं सुटी झाली होती. एक दिवस बायकोने जाहीर केलं की यादी धड हाताशी नसेल तर हा खटाटोप पुरे. रविवारी सभासदांना जेवायला बोलावते, त्यांना सांगते आणि पुस्तकं शाळेला देऊन टाकते. बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणून मी म्हणालो, "मी करतो काहीतरी."

मुलगी परगावी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने फोनवर सांगितलं की बाबा, एक छोटा एपीआय लिहा. एपीआय म्हणजे खिडकीवरचा कारकून समजा. कोणी तिसरं पान मागितलं की त्याने तिसऱ्या पानावरची दहा पुस्तकं पुढे करायची. ती यादी सभासदांच्या फोनवर दाखवायचं काम मुलीचं. मला वाटलं, जमेल. (आयुष्यात जेव्हा जेव्हा मला असं वाटलं, तेव्हा शेवटी प्लंबरला बोलवावं लागलं आहे.)

चार दिवस गेले. पहिल्या चाचणीत पहिलं पान मागितलं, तर अकराव्या पुस्तकापासून यादी आली. संगणक शून्यापासून मोजतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं. कळलं त्या दिवशी. पहिली दहा पुस्तकं शून्याव्या पानावर जाऊन बसली होती, जिथे कोणी फिरकत नाही. ते निस्तरलं. त्रेचाळिसाव्या पानावर बरोबर सहा पुस्तकं आली, चव्वेचाळिसावं रिकामं आलं. मी खोलीत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग शंका आली, कोणी वजा तिसरं पान मागितलं तर?

"वजा तिसरं पान कोण मागेल?" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "तुम्हाला सपाट जमिनीवरही ठेच लागायची भीती."

तिचं पटलं. ती चाचणी मी सोडून दिली.

रविवारी सकाळी एपीआय भाड्याच्या सर्व्हरवर चढवला. यादी भरण्याचा आदेश दिला, आणि तो पोचला की नाही या धास्तीने पुन्हा दिला. (मी कुलूपही तीनदा ओढून बघतो.) प्रत्येक पुस्तक दोनदा भरलं गेलं आणि त्रेचाळीस पानांची शहाऐंशी झाली. मुलीने तिकडून ते निस्तरलं आणि बजावलं, "बाबा, आता हात लावू नका. पुन्हा पानं वाढली, तरच सर्व्हर थांबवा, यादी पुसा आणि मला कळवा." मी हे कागदावर लिहून डोळ्यांसमोर चिकटवलं.

सभासद आले. बाहेरच्या खोलीत सगळ्यांनी फोनवर यादी पाहिली, कौतुक केलं. वाचनालय वाचलं, म्हणत बायको हसत आत गेली. मी आतल्या खोलीत पहाऱ्यावर बसलो. साडेबाराला स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, पानं वाढली."

मी समोरचा कागद पुन्हा वाचला. "किती?"

"चौदा."

"कुणी केलं हे?"

"मीच. दुसरं कोण वाढणार या घरात?"

"अगं, मला विचारायचं तरी."

"चाळीस वर्षं न विचारताच वाढतेय."

"तू हात लावू नकोस. मी थांबवतो."

"थांबवता काय? सगळे हात धुऊन बसलेत."

सगळे हात धुऊन माझ्या मागे लागलेत, असं मला ऐकू आलं. मी सर्व्हर थांबवला. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी उमटलं, ते वाचायला वेळ कुणाला होता. यादी पुसून टाकली आणि मुलीला फोन केला. "पानं वाढली. चौदा. आईनेच वाढली."



"बाबा," ती म्हणाली, "जेवायला जा."

बाहेर चौदा ताटं वाढलेली होती आणि बारा फोन कोरे होते. मी चाचरत खुलासा केला. बायकोने हातातला डाव खाली ठेवला. "मग शाळेलाच देते," ती म्हणाली, आणि कोणी घास उचलेना.

तेव्हा सगळ्यांत वयस्कर सभासद, निवृत्त पोस्टमास्तरीणबाई, म्हणाल्या की वहीची ती सुटी पानं आणा पाहू. त्यांनी प्रत्येकाला तीन-तीन पानं वाटली. ज्याला जे पान हवं, त्याने ते ज्याच्याकडे आहे त्याला फोन करायचा, तो वाचून दाखवेल. नसलेलं पान मागितलं तर "नाही" म्हणेल.

मी चार दिवस हेच लिहीत होतो, हे सांगायचा मला धीर झाला नाही. बायको हसली आणि वाढायला उठली. वाचनालय आजही तसंच चालतं. मुलगी यादी पुन्हा भरून द्यायला तयार होती, पण कुणालाच गरज वाटली नाही.

गेल्या वर्षी माझा जुना संगणक आवरताना मुलीला त्या दिवसाची सर्व्हरची नोंद सापडली. मी ती तीनदा तपासली. मी सर्व्हर थांबवला साडेबारा वाजता. तो बारा वाजून अठरा मिनिटांनीच कोसळला होता. त्याच्याकडे आलेली शेवटची मागणी बायकोच्या फोनवरून होती. पान क्रमांक: वजा तीन.