गबतात्या आणि न शिवलेला कावळा

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव साव्यात कोंबड्याच्याही आधी आमचे शेजारी तात्या ओरडतात. 'ग' आणि 'ब' एकाच वेळी, एका दमात. "घसा आन ओठ एकदम उघडायचं, राव," असं ते मला शिकवतात. मी म्हणून दाखवतो. "चुकलं. तुमचा ग आधी निसटला."

तात्या बोअरवेलच्या गाडीवर आफ्रिकेत खूप वर्षं होते. तिथल्या मांझा लोकांची भाषा त्यांनी उचलली; पहाटेचा तो आवाज तिच्यातलाच. परत आल्यावर पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर तिचे शब्द कोळशानं मराठी अक्षरांत लिहून काढले. सूर चढवायचा तिथे डोक्यावर रेघ, नाकात बोलायचं तिथे चंद्रबिंदू. "सूर चुकला का अर्थ पालटतो. आपल्याकडं कसंबी वरडा, चालतंय."

गावाला यातलं काहीच नको होतं. गावानं एवढंच विचारलं, "तिकडं सिंह रस्त्यानं फिरत्यात का?" विचारणाऱ्याच्या स्वतःच्या उसात बिबट्याची मादी बाळंत झालेली. नाव मात्र ठेवलं गबतात्या, कारण तो आवाज कुणाला धड काढता येईना. तात्यांच्या मुलानं तर त्यांनी पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली आणि भिंतीला चुना फासला. आमच्याकडे शहाणपण असं उतू जातं.

तात्यांशी त्या भाषेत बोलणारा जगात एकच माणूस होता. पिएर, गाडीवरचा जुना जोडीदार. दर रविवारी त्याचा फोन यायचा. तेव्हा तात्या हसायचे तसं एरवी घरात कधी हसले नाहीत.

गेल्या महिन्यात पिएरच्या मुलीचा फोन आला. तो गेला होता. तात्यांनी नदीकाठी त्याचं दहावं घातलं. मुलगा आला नाही. गाव आलं, पण गंमत बघायला. गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

"बोअरवेल," तात्या म्हणाले.

पिंड ठेवला. कावळे झाडावरच बसून राहिले. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग घरचे हात जोडून एकेक वचन देतात. तात्या पुढे झाले आणि मोठ्यानं मांझात बोलू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "आवो, कावळा जुन्नरचा हाय, मराठीत बोला!" सगळे खो खो हसले. मला माझ्याच गावाची किळस आली.

कावळा शिवलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माणसं पांगली.

"त्याची काय इच्छा राहिली असेल, तात्या?" मी विचारलं.

"त्याची कशाला ऱ्हाईल? त्यो आपल्या मानसांत गेला. इच्छा माझी ऱ्हायली. आता रविवारी मी कुनासंग बोलू?"

मी घसा आवळला, ओठ मिटले आणि जमेल तसा तो आवाज काढला. माझा ग आधी निसटला. या वेळी मलासुद्धा कळलं.

तात्या नदीकडे बघत होते.

"बरूबर हाय," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.